बडोद्यात नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी: मगरींच्या शेजारी घर मांडताना

नोकरीच्या किंवा लग्नाच्या निमित्ताने महाराष्ट्रातून बडोद्यात येणारी दोन-चार मराठी कुटुंबे दरवर्षी माझ्याकडे चौकशीला येतात. घरभाडे, शाळा आणि गॅसची जोडणी यांविषयी बोलून झाले की कुणीतरी आवाज थोडा खाली आणून विचारतेच, "इथे म्हणे रस्त्यावर मगरी येतात, ते खरे आहे का?" ते खरे आहे. या शहराच्या मधोमध वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत शेकडो मगरी राहतात, २०२५ मध्ये झालेल्या गणनेत शहरातल्या पात्रात त्यांची संख्या चारशेच्या वर भरली होती, आणि पुराच्या दिवसांत त्यांपैकी काही वस्तीत येतात. मी एकवीस वर्षांपूर्वी साताऱ्याहून लग्न होऊन इथे आले तेव्हा हे मला कुणी नीट सांगितले नव्हते. जे कळले ते शेजाऱ्यांकडून, थोडे घाबरून आणि बरेचसे पाहून कळले. मगर कधी कुठे असते आणि कोणत्या वाटेने येते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला बडोद्यात तिच्यापासून फारसा धोका राहत नाही, आणि म्हणूनच पुढचा मजकूर मुख्यतः तिच्या वेळांविषयी आणि वाटांविषयी आहे. सापांविषयीही सविस्तर लिहिले आहे, कारण रोजच्या जीवनात त्यांची गाठ पडण्याची शक्यता मगरीपेक्षा पुष्कळच जास्त असते.

पहिली पायरी: भाडेकरार करण्याआधी नदी आणि कांस पाहून घ्या

विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, बडोद्यातून वळणे घेत जाते, पुढे ढाढर नदीला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखातात जाते. शहरात तिचे काठ खोल कोतरांचे, म्हणजे घळींचे, आणि झुडपांनी भरलेले आहेत, त्यामुळे पुलावरून स्कूटरने रोज ये-जा करणाऱ्यालाही खाली पाणी आहे हे महिनोन्‌महिने जाणवत नाही. समा, हरणी, फत्तेगंज, कारेलीबाग, अकोटा, मुंजमहुडा, वडसर, कलाली हे सारे भाग नदीच्या जवळपासचे आहेत. तिथे घर घेऊ नये असे माझे अजिबात म्हणणे नाही. मी स्वतः नदीपासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर राहते. पण घर पाहताना दलाल जे दाखवतो त्यापलीकडच्या काही गोष्टी आपण स्वतः पाहून घ्याव्यात.

त्यांतली पहिली म्हणजे कांस. पावसाचे पाणी नदीकडे नेणाऱ्या नैसर्गिक नाल्याला इथे कांस म्हणतात, आणि रूपारेल कांस, मसिया कांस, भूखी कांस ही नावे बडोदेकरांच्या तोंडी नेहमी असतात. उन्हाळ्यात कांस म्हणजे कचऱ्याने भरलेला एक रुंद चर दिसतो, परंतु पावसाळ्यात तोच नदीतून वस्तीत येण्याचा मार्ग होतो, आणि मगर, कासव, दिवड हे सगळे त्याच मार्गाने येतात. आपल्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत कांस आहे का, असल्यास भिंत अखंड आहे का, पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या भोकांना जाळी आहे का, आणि फाटकाच्या खाली किती फट आहे, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. जाळी नसेल तर ती बसवून देण्याची अट करारापूर्वीच घालावी, कारण चाव्या हाती आल्यावर हे काम वर्षभर रेंगाळते.

दुसरी गोष्ट म्हणजे पुराची खूण. २०१९ च्या जुलैअखेरीस आणि २०२४ च्या ऑगस्टअखेरीस बडोद्यात मोठे पूर आले. त्या वेळी पाणी कुठपर्यंत चढले होते हा प्रश्न दलालाला किंवा घरमालकाला न विचारता सोसायटीच्या चौकीदाराला आणि समोरच्या किराणा दुकानदाराला विचारावा. ते हाताने भिंतीवरची जागा दाखवतात, आणि पुष्कळदा तिथे मातकट रेघ अजूनही दिसते. तळमजल्याचे घर असेल आणि ती रेघ खिडकीच्या वर असेल, तर मगरीचा विचार नंतरचा. आधी पाण्याचाच विचार करावा लागेल.

दुसरी पायरी: मगरीचे वर्षभराचे वेळापत्रक

आधी एक नावाचा घोळ दूर करू. आपल्याकडे अनेकजण पाण्यातल्या अशा कुठल्याही प्राण्याला सुसर म्हणतात. विश्वामित्रीत आहे ती मगर, रुंद आणि बोजड तोंडाची, गोड्या पाण्यात राहणारी. गुजरातीतही तिला मगरच म्हणतात. लांब, चिमट्यासारख्या तोंडाची घडियाल इथे नाही.

मगरीच्या शरीराला स्वतःची ऊब निर्माण करता येत नाही, ती तिला बाहेरून घ्यावी लागते, आणि तिचे सगळे वागणे या एका गोष्टीभोवती फिरते. हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, उन्हे चांगली वर आली की मगरी काठावरच्या चिखलात येऊन पडतात आणि दुपारपर्यंत तिथेच राहतात. त्या वेळी तोंड उघडे ठेवून निश्चल पडलेली मगर पाहून नवखा माणूस समजतो की ती रागावली आहे किंवा भुकेली आहे. तसे काही नसते. अंगातली उष्णता कमी-जास्त करण्याची ती तिची रीत आहे. याच थंडीत त्यांचा समागमाचा काळ असतो, आणि नर एकमेकांच्या हद्दीवरून भांडतात.

फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत मादी काठावर, पुराच्या पाण्यापासून जरा उंच जागी, खड्डा करून अंडी घालते. एका घरट्यात सर्वसाधारणपणे पंचवीस-तीस अंडी असतात. पिल्लू नर होणार की मादी हे घरट्यातल्या तापमानावर ठरते. दोन महिन्यांहून थोड्या अधिक काळाने, पावसाच्या तोंडावर, पिल्ले अंड्यातूनच आवाज देऊ लागतात. तो ऐकून मादी माती उकरते आणि त्यांना तोंडात धरून अलगद पाण्यात नेऊन सोडते. ज्या जबड्याने ती कासवाची पाठ फोडते त्याच जबड्याने ती वीतभराहून किंचित मोठे पिल्लू न दुखावता उचलते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. नवख्याने यातून लक्षात ठेवायचे ते हे की मार्च ते जून या काळात कोतरात उतरू नये. एरवी माणसाची चाहूल लागताच पाण्यात सरकणारी मगर या दिवसांत घरट्याजवळून हटत नाही.

एप्रिल-मेच्या कडक उन्हात त्या सकाळी लवकर थोड्या वेळासाठी दिसतात आणि मग पाण्यात किंवा काठातल्या बिळांत जातात. ही बिळे खोल असतात, आणि उन्हाळ्यात वरून पाहिल्यास नदी पूर्ण रिकामी भासते. ती रिकामी नसते. ही समजूत अपघाताला कारण ठरू शकते, म्हणून हे वाक्य मी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगते.

पावसाळ्यात नदीचा लोंढा वाढला की बिळे बुडतात, प्रवाहात टिकणे मगरीलाही अवघड होते, आणि ती शांत पाण्याच्या शोधात कांसात, तळ्यात, बुडालेल्या मैदानात आणि कधी सोसायटीच्या वाहनतळावर येते. ती माणसाच्या मागावर आलेली नसते, लोंढ्यापासून बाजूला झालेली असते. हे ओळखले की पुढच्या सूचना पाळणे सोपे जाते.

तिसरी पायरी: नदीकाठी वागण्याचे नियम

बडोद्यात मगरीमुळे माणसे जखमी झाली आहेत आणि दगावलीही आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. कपडे धुणे, गुरे धुणे, मासे धरणे, हातपाय धुण्यासाठी किंवा शौचासाठी काठावर बसणे, अशी पाण्याच्या कडेची कामे करताना धोका सर्वांत जास्त असतो, कारण मगर पाण्याखालून येते आणि शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. पाण्याच्या कडेपासून निदान पंधरा-वीस पावले दूर राहावे, आणि संध्याकाळनंतर तर कोतराच्या बाजूला जाऊच नये. चेंडू खाली गेला तर तो गेला असे समजावे, आणि मुलांना हे बडोद्यात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात सांगावे. कुत्र्याला फिरवायला नदीकाठ निवडू नये. मगरीच्या दृष्टीने कुत्रा हे ओळखीचे भक्ष्य आहे.

पुलावरून खाणे टाकण्याची सवय मात्र मला मनापासून खटकते. नदीत मांसाचे तुकडे, कोंबड्यांचे अवशेष किंवा पूजेचे अन्न टाकले की आधी कुत्री आणि डुकरे काठावर जमतात, मग त्यांच्यासाठी मगरी त्या जागी थांबू लागतात, आणि माणूस दिसला म्हणजे अन्न मिळते ही सांगड त्यांच्या डोक्यात बसते. निर्माल्यसुद्धा नदीत न टाकता कलशात टाकावे.

चौथी पायरी: जूनच्या आधी करायची तयारी

बडोदेकर पावसाळ्यात दोन आकडे पाहत असतात: आजवा सरोवराची पातळी आणि काळा घोडा पुलाजवळची विश्वामित्रीची पातळी. आजवा हे सयाजीराव महाराजांच्या काळात शहराच्या पाण्यासाठी बांधलेले सरोवर; तिथून सोडलेले पाणी विश्वामित्रीत येते. काळा घोड्याला २६ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेले होते. हे आकडे महापालिका जाहीर करते आणि गुजराती वर्तमानपत्रे व वाहिन्या तासातासाला देतात. नदी वीस फुटांच्या पुढे चढू लागली की आम्ही तळमजल्यावरच्या वस्तू वर हलवतो, सोसायटीचे फाटक बंद ठेवतो आणि रात्री अंगणात जाताना हातात विजेरी घेतो. विजेरीचा झोत पाण्यावर आडवा टाकला आणि दोन लालसर ठिपके चमकले, तर तिथे मगर आहे असे समजावे.

पावसाच्या साचलेल्या पाण्यात चालू नये हा नियम बडोद्यात दुहेरी कारणाने पाळावा, कारण उघडे गटार आणि विजेची तार यांचा धोका मगरीहून मोठा असतो. चालणे अटळच असेल तर लांब काठी पुढे आपटत, रस्त्याच्या मधून चालावे. भिंतीच्या कडेने चालू नये, कारण प्रवाहातून बाजूला झालेले प्राणी भिंतीच्या आडोशालाच थांबतात.

याशिवाय दाराच्या मागे एक कागद चिकटवून ठेवावा. त्यावर १०८ हा रुग्णवाहिकेचा, ११२ हा तातडीच्या मदतीचा आणि १९६२ हा गुजरात सरकारच्या करुणा पशु रुग्णवाहिकेचा क्रमांक लिहावा, आणि आपल्या भागातील वन विभागाच्या बचाव पथकाचा क्रमांक शेजाऱ्यांकडून घेऊन त्यात भर घालावी. हा शेवटचा क्रमांक पुराच्या रात्री शोधायला बसू नये.

फोन केल्यावर समोरची व्यक्ती बहुधा गुजरातीत बोलते, म्हणून काही नावे पाठ असलेली बरी. नाग हा नागच. मण्यारीला काळोतरो म्हणतात, घोणसीला खडचितळो, घोरपडीला घो, कासवाला काचबो, साळिंदराला शाहुडी. घोरपडीचे नाव विशेष महत्त्वाचे, कारण "मगरीचे पिल्लू आले" असे फोन घोरपडीमुळेही जातात. घोरपडीची मान लांब असते, जीभ सापासारखी दुभंगलेली असते आणि ती भिंतीवर चढते. मगरीच्या पिल्लाच्या पाठीवर हाडासारख्या उंचवट्यांच्या रांगा असतात आणि शेपटीवर करवतीसारखे दाते असतात.

पाचवी पायरी: मगर आवारात आली तर

ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या वाहनतळावर गुडघ्याच्या वर पाणी होते. तिसऱ्या दिवशी सकाळी चौकीदाराने खालून हाक मारली की दोन स्कूटरांच्या मध्ये ओंडका अडकला आहे. मी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून पाहिले तर ओंडक्याच्या एका टोकाला दोन नाकपुड्या पाण्याच्या जेमतेम वर होत्या, आणि त्यांच्याभोवती पाण्यावरचा तेलकट तवंग थोड्या थोड्या वेळाने हलत होता. पाठीचा वाळलेला भाग राखाडी होता, ओला भाग गाळाच्या रंगाचा, आणि डोळा माझ्याकडे रोखल्यासारखा असूनही पापणी मिटत नव्हती. ती सहा-सात फुटांची असावी. खालच्या मजल्यावरचे दोन तरुण काठी घेऊन उतरू लागले तेव्हा शेजारच्या बा दारात येऊन एवढेच म्हणाल्या, "आघा रहेजो, एय बी गयेलो छे." दूर राहा, तोही घाबरलेला आहे. बांचे माहेर चरोतरातले, म्हणजे आणंद-खेडा भागातले, जिथे मलातजसारख्या गावांत तळ्यात मगरी आणि काठावर माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहत आली आहेत आणि मगर हे खोडियार मातेचे वाहन म्हणून पूजनीय मानले जाते. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, पण त्या स्वतः जिन्याची एक पायरीही उतरल्या नाहीत.

त्या दिवशी आम्ही जे केले ते क्रमाने सांगते. सर्वांत आधी सगळ्यांना वर घेतले आणि जिन्याचे लोखंडी दार लावले. कुत्री आत बांधली, कारण भुंकणारे कुत्रे मगरीला खवळते आणि स्वतः संकटात सापडते. मग वन विभागाला फोन करून पत्ता, पाण्याची खोली, मगरीची अंदाजे लांबी आणि वाहन कुठपर्यंत येऊ शकेल, हे सांगितले. एका माणसाला गच्चीवरून केवळ तिच्यावर लक्ष ठेवायला बसवले, म्हणजे पथक येईपर्यंत ती कुठे सरकली हे सांगता येईल. तिच्या परतीचा मार्ग, म्हणजे कांसाकडचे फाटक, मोकळा ठेवला, कारण पुष्कळदा मगर आपणहून निघून जाते. दगड, काठी, फटाके, गरम पाणी यांतले काहीही वापरू दिले नाही. चित्रीकरण हवे असेल त्याने वरून करावे असे सांगितले.

सगळे शहर पाण्याखाली असल्याने पथकाला यायला चार तास लागले. त्यांनी लांब काठीला लावलेला दोरीचा फास आधी तोंडावरून घातला, मग ओले गोणपाट डोळ्यांवर टाकले, आणि डोळे झाकले जाताच तिची धडपड निवळली. मगरीच्या जबड्याची मिटण्याची ताकद प्रचंड, पण उघडण्याची फार थोडी असते. त्यामुळे तोंड एकदा दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधले की मुख्य धोका टळतो, आणि मग उरते ती शेपटी. हे वाचून कुणी स्वतः प्रयत्न करू नये. मगर ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतली आहे, तिला पकडणे, मारणे किंवा त्रास देणे हा गुन्हा आहे, आणि शेपटीचा एक फटका पाय मोडायला पुरेसा असतो. त्या पुराच्या तीन दिवसांत वन विभागाने शहरातल्या वस्त्यांमधून चोवीस मगरी, आणि त्यांशिवाय साप, मोठी कासवे आणि एक साळिंदरसुद्धा सुखरूप बाहेर काढले होते.

मगर नेल्यावर लगेच खाली धावू नये. पाणी पूर्ण ओसरेपर्यंत प्रत्येक वाहनाखाली, पाण्याच्या टाकीमागे आणि विजेच्या मीटरखोलीत विजेरीने पाहून मगच वावर सुरू करावा. आमच्याकडे मीटरखोलीत एक धामण निघाली.

सहावी पायरी: सापांसाठी घराची आणि मनाची तयारी

बडोद्याच्या आसपास नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आढळतात. दिसणाऱ्या सापांत मात्र धामण, दिवड, कवड्या असे बिनविषारी साप पुष्कळ असतात. कवड्या आणि मण्यार यांच्यात फसगत होते. मण्यार निळसर काळी आणि चकचकीत असते, तिच्या अंगावरचे पांढरे पातळ पट्टे डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि बहुधा जोडीने येतात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात. तरीही ही ओळख दुरून आणि फक्त माहितीसाठी करावी. शंका असेल तर साप विषारी आहे असेच धरून चालावे.

मण्यारीविषयी थोडे अधिक लिहिते, कारण तिचा दंश पुष्कळदा दंश म्हणून ओळखूच येत नाही. ती रात्री फिरते, उंदीर आणि दुसरे साप खाते, आणि उबेसाठी जमिनीवरच्या अंथरुणात शिरते. दंशाच्या जागी वेदना किंवा सूज जवळजवळ नसते. माणूस झोपेतच राहतो आणि पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि मग श्वास अडखळू लागतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे असे काही होऊ लागले, तर अपचन समजून ओव्याचे पाणी देत बसू नये, लगेच रुग्णालय गाठावे. जमिनीवर झोपणे टाळावे, पलंगावर मच्छरदाणी लावून ती गादीखाली नीट खोचावी, आणि पलंग भिंतीपासून वीतभर सरकवावा.

घोणस जाड, तपकिरी, अंगावर साखळीसारख्या ठिपक्यांच्या रांगा असलेली असते आणि डिवचल्यास कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार टाकते. ती पाचोळ्यात निश्चल पडते. म्हणून अंगणातला पाचोळा, विटांचा ढीग, जुनी फरशी आणि फुटक्या कुंड्या पावसाआधी हलवाव्यात. जिथे उंदीर असतात तिथे साप येतात, त्यामुळे धान्य आणि कचरा झाकून ठेवणे हाच सापांवरचा खरा बंदोबस्त आहे. फिनाइल, रॉकेल किंवा लसूण टाकून साप थांबत नाहीत. न्हाणीघराच्या मोरीला बारीक जाळी आणि दाराच्या खालच्या फटीला रबरी पट्टी बसवावी. बूट झटकल्याशिवाय पाय घालू नये. नवरात्रात गरबा खेळून रात्री एक-दीडला परतताना पायांत चप्पल आणि हातात विजेरी असू द्यावी. बडोद्याच्या गरब्याचे दिवस आणि सापांच्या वावराचे दिवस बरेचसे एकच असतात.

साप घरात दिसला तर मुलांना आणि जनावरांना बाहेर काढावे, त्या खोलीचे दार लावून खालची फट ओल्या टॉवेलने बंद करावी आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाला बोलवावे. नजर सापावरून हलवू नये, पण जवळही जाऊ नये.

दंश झाला तर माणसाला आडवे करून धीर द्यावा, अंगठ्या, बांगड्या, पैंजण, घड्याळ काढावे, दंश झालेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून हलणार नाही असा ठेवावा, वेळ लिहून घ्यावी आणि १०८ ला फोन करावा. आवळून दोरी बांधू नये, जागा कापू नये, विष चोखू नये, बर्फ लावू नये. साप मारून किंवा धरून नेण्याची गरज नसते. भारतात मिळणारे प्रतिविष या चारही सापांवर चालते. शहरात सर सयाजीराव जनरल हे मोठे सरकारी रुग्णालय आहे, आणि इथे कुणीही त्याला एसएसजी म्हणूनच ओळखते. मंत्र, मणी किंवा झाडपाला यांच्यासाठी दहा मिनिटेही घालवू नयेत.

सातवी पायरी: बाकीचे शेजारी

वानरांच्या टोळ्या शहराच्या कडेच्या भागांत येतात. त्यांना खाऊ घालू नये आणि डोळ्याला डोळा भिडवून हसू नये, कारण दात दिसणे त्यांना आव्हान वाटते. मोर गच्चीवर येतात, मिरच्यांची रोपे खातात, आणि तेही कायद्याने संरक्षित आहेत. मोकाट गाई हा रस्त्यावरचा रोजचा प्रश्न आहे. रात्री स्कूटर चालवताना काळ्या गाईला चुकवण्याइतका वेग ठेवावा.

उत्तरायणाविषयी मात्र आवर्जून सांगते. १४ आणि १५ जानेवारीला सारे बडोदे गच्चीवर असते आणि मांजामुळे असंख्य पक्षी जखमी होतात. पहाटे आणि संध्याकाळी पक्षी थव्याने जातात-येतात, त्या दोन वेळांना पतंग खाली घ्यावा. जखमी पक्षी सापडला तर मांजा ओढू नये, दोन्ही बाजूंनी कात्रीने कापावा, पक्ष्याला भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावे, पाणी चोचीत ओतू नये आणि १९६२ ला कळवावे. त्या दिवसांत करुणा अभियानाची केंद्रे ठिकठिकाणी चालू असतात.

आठवी पायरी: मुलांना हे सारे दाखवायला न्या

भीती ऐकून वाढते, म्हणून पहिल्याच हिवाळ्यात मुलांना मगर दाखवावी. १८७९ मध्ये उघडलेल्या सयाजीबागेला आम्ही मराठी लोक कमाटीबागच म्हणतो, आणि विश्वामित्री तिला लागूनच वाहते. डिसेंबर-जानेवारीत रविवारी सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास पुलावर कठड्याच्या आत उभे राहावे. आधी काहीच दिसत नाही. कोवळे ऊन ज्या काठावर आधी पोचते तो काठ डावीकडून उजवीकडे सावकाश पाहत जावा. चिखलाच्या रंगात जिथे एकसारख्या खाचांची रेघ दिसेल ती मगरीची पाठ असते. दुर्बीण असेल तर उत्तम. एक सापडली की त्याच काठावर बऱ्याचदा दुसरीही दिसते, कारण उन्हाच्या चांगल्या जागा थोड्या असतात.

त्याच ऋतूत एक दिवस डभोई तालुक्यातल्या वढवाणा तलावासाठी राखून ठेवावा. गायकवाडांच्या काळात सिंचनासाठी बांधलेल्या या तलावाला २०२१ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि थंडीत तिथे हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस शेकड्यांनी उतरलेले असतात. पहाटे पाचला निघावे, डबा घरचा न्यावा, आणि पाण्याच्या कडेला न जाता बांधावरूनच पाहावे.